परवान्याचे रिव्हॉल्व्हर आणि अंबरनाथचा लेथ

२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, गोळीबार झाला. द्वारली येथील जमिनीच्या वादावरून दोन्ही पक्ष तेथे जमले होते. कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी प्रतिस्पर्धी गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. मुलाला झालेल्या धक्काबुक्कीमुळे आपल्याला आत्मसंरक्षणार्थ हे करावे लागले, असे आमदारांनी एका वृत्तवाहिनीला सांगितले. जखमी सुदैवाने वाचले. दोष कोणाचा याचा निवाडा न्यायालय करील. त्यात वृत्तपत्राने लुडबूड करण्याचे कारण नाही. पण ही घटना ज्या जागी घडली ती जागा मात्र विचार करायला लावणारी आहे. आत्मसंरक्षणाचा हक्क फौजदारी कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. पूर्वी तो भारतीय दंड विधानात होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत आहे. परंतु सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास अवसर असेल तेथे तो हक्क उरत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे. ज्या दालनात नागरिकाने संरक्षण मागावयाचे, त्याच दालनात आत्मसंरक्षणाचा दाखला दिला जावा, याहून अधिक विसंगत चित्र कल्पनेनेही रंगविता आले नसते.

या घटनेला आठवडा उलटण्यापूर्वीच, ८ फेब्रुवारीला, मुंबईच्या उपनगरात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची थेट प्रक्षेपण चालू असताना हत्या झाली आणि मारेकऱ्याने पाठोपाठ स्वतःचाही अंत करून घेतला. त्या प्रकरणातील पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरील असल्याचे तपासात पुढे आले. महाराष्ट्राला हे नवीन नव्हते. २२ एप्रिल २००६ रोजी वरळीच्या घरात प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने गोळ्या झाडल्या, तेव्हाचे पिस्तूलही परवान्याचेच होते. ३ मे रोजी महाजन यांचा मृत्यू झाला. भाऊ कोणी सराईत गुन्हेगार नव्हता. परवाना देताना पोलिसांनी त्याचा पूर्वेतिहास तपासला असेल तर त्यात आक्षेपार्ह असे काही सापडले नसेल. नेमकी येथेच खरी अडचण आहे. परवान्याची सारी चौकशी माणसाच्या भूतकाळाची असते आणि गोळी सुटते ती वर्तमानातल्या एका क्षणी.

लहान आकाराचे रिव्हॉल्व्हर पोलिसांसाठीही घडले. अमेरिकेतील कोल्ट कंपनीने १९२७ मध्ये साध्या वेशातील गुप्त पोलिसांच्या खिशात मावेल असे आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले; १९५० मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने त्याहूनही लहान, पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर काढले आणि ते प्रथम पोलीसप्रमुखांच्या परिषदेत मांडले म्हणून त्याचे नावही तसेच पडले. कोल्टमधील फिट्झजेराल्ड नावाचे एक निष्णात कारागीर अशा रिव्हॉल्व्हरच्या चापापुढील कडे कापून आणि घोड्याचे टोक घासून ते खिशातून अडकल्यावाचून निघेल अशी व्यवस्था करीत. मालकाच्या हाताच्या मापाने शस्त्र घडविण्याचा हा नाद आज अमेरिकेत एक मोठा धंदा होऊन बसला आहे. मुठी बदलावयाच्या, चाप हलका करावयाचा, नळीवर नक्षी कोरावयाची, रंग चढवावयाचा. मोटारसायकलीचे शौकीन आपल्या गाडीचे जे करतात तेच तेथे रिव्हॉल्व्हरचे होते. ते त्या देशाच्या घटनेला आणि तिच्या दुसऱ्या दुरुस्तीला धरून आहे. २०२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तर घराबाहेर शस्त्र बाळगणे हाही नागरिकाचा घटनादत्त हक्कच असल्याचा निर्वाळा दिला.

भारताने निराळा मार्ग पत्करला, आणि तो विचारपूर्वक पत्करला. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि युरोपीयांना मोकळीक दिली, याची चीड राष्ट्रीय चळवळीत दीर्घकाळ धगधगत होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला होता. तोच धागा धरून ह. वि. कामत यांनी १९४८ साली घटना समितीत तशी दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. आजच्या परिस्थितीत व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र उचलण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर द्यावा, आणि असा हक्क सर्वांना दिल्यास गुंड व भामटे यांनाही तो नाकारता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेच्या एकोणिसाव्या कलमात एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे ते शांततेने आणि 'विनाशस्त्र' जमण्याचे. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने, उत्तर प्रदेशातील बेकायदा शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेताना, शस्त्र बाळगणे हा येथे कोणाचाही मूलभूत हक्क नाही, हे पुन्हा एकदा स्पष्ट केले.

हक्क नाही, म्हणजे मग ती मेहेरबानी उरते. आणि मेहेरबानी ज्याच्या हाती असते त्याच्या दारी रांग लागते, हा कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाचा अनुभव आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना द्यावयाचा की नाही हे ठाणे शहर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त ठरवितात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही गावे त्याच हद्दीत येतात. अर्जदाराच्या जिवाला धोका आहे काय, याचा अहवाल स्थानिक पोलीस ठाणे देते. आता धोका कोणाला आहे? रात्रपाळी संपवून अंबरनाथ स्टेशनापर्यंत अंधारातून चालत येणाऱ्या कामगाराला आहे. शेवटच्या गाडीने बदलापूरला उतरणाऱ्या परिचारिकेला आहे. पण या दोघांनी रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज केल्याचे कोणी ऐकले आहे काय? २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे सुमारे अर्धा किलो वजनाचे, ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर काढले. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर देशभर उसळलेल्या संतापाची आठवण त्या नावात गुंफलेली होती. किंमत होती सव्वा लाखाच्या आसपास. ज्या मुलीच्या स्मृतीचा आधार त्या नावाला होता, ती बसने घरी निघाली होती. तिच्यासारख्या घरातील मुलींना सव्वा लाखाचे रिव्हॉल्व्हर सुचविणाऱ्या कल्पकतेला काय म्हणावे?

शस्त्र परवाने प्रत्यक्षात कोणाकडे असतात हे या पट्ट्यातील लोकांना कोणी सांगावे लागत नाही. बांधकाम व्यावसायिक, नगरसेवक, जमिनीच्या व्यवहारातील मध्यस्थ, सराफ, काही कारखानदार. यांतील काहींना खरोखरच धोका असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. उल्हासनगरचा इतिहासच तसा आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि अपार कष्टांच्या बळावर त्या लोकांनी ओसाड बराकींतून उद्योगनगरी उभी केली. पण पुढे त्याच गावात राजकारण आणि बंदूक यांचे साटेलोटे जमले. १९९० मधील भतिजा बंधूंच्या खुनांनी शहर हादरले; त्यांपैकी एका खुनाबद्दल माजी आमदार पप्पू कलानी यांना जन्मठेप झाली ती २०१३ साली. न्यायाला तेवीस वर्षे लागली. गुंडाला परवाना लागत नाही, मग सज्जनानेच का निःशस्त्र राहावे, हा व्यापाऱ्याचा प्रश्न अशा गावात निव्वळ वितंडवाद म्हणून उडवून लावता येत नाही. कायद्याची चाके तेवीस वर्षे रखडत असतील तर माणूस खिशात पोलाद ठेवू पाहणारच.

तथापि या युक्तिवादाला एक उत्तर आहे आणि ते यंत्रशास्त्राचे आहे. आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर हे चालविण्यास सर्वांत अवघड शस्त्रांपैकी एक होय. पुढची आणि मागची माशी यांतले अंतर जितके कमी तितकी नेमातील चूक मोठी. शस्त्र जितके हलके तितका हाताला बसणारा धक्का जास्त. घोडा आधी न ओढता नुसत्या चापाने गोळी झाडावयाची तर चापाचा ताण कित्येक किलो भरतो आणि त्या ओढीत नळी हलते. सरावाच्या मैदानावर शांतपणे उभे राहूनही नवशिक्याचा नेम चुकतो, मग छातीत धडकी भरलेली असताना अरुंद जिन्यात काय होणार? २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक ठरविले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु एकदा मिळविलेले प्रशस्तिपत्र आणि दरमहा केलेला सराव यांत जे अंतर आहे ते परीक्षा उत्तीर्ण होणे आणि विषय समजणे यांतल्या अंतराइतके आहे. शिक्षकांना ते अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही. अंगरक्षकाचे पिस्तूल धन्याच्या हाती जाते, भावाच्या कपाटातले पिस्तूल भावावरच रोखले जाते. जेथे घरोघरी शस्त्रे आहेत त्या अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. चोरासाठी आणलेले शस्त्र घरच्याच माणसाच्या हताश घटकेला हाताशी येते, हा त्याचा अर्थ.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. ती अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत प्रत्यही घरघरत असते आणि तिची चर्चा क्वचितच होते. या गावाचे हात लोखंड-पितळेला सरावलेले आहेत. येथील ऑर्डनन्स फॅक्टरी अलौह धातूंच्या कामासाठी नावाजलेली. शेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने देशातील एक्केचाळीस आयुध कारखान्यांची सात कंपन्यांत वाटणी केली, तेव्हा या दोन शेजाऱ्यांची मालकीही दोन निरनिराळ्या कंपन्यांकडे गेली. या कारखान्यांत रिव्हॉल्व्हर होत नाही. ते कानपूरचे काम. पण त्यांच्या छायेत, आनंदनगर आणि मोरिवलीच्या गाळ्यांतून, मायक्रोमीटरवर वाचलेल्या मापाबरहुकूम काम उतरविणारे टर्नर आणि फिटर तयार झाले. आयटीआयची परीक्षा देऊन आलेला पोरगा दोन-तीन वर्षांत अशा कामात तरबेज होतो. याच हातांकडे कधी तरी कोणी ओळखीचा माणूस एक पुडके घेऊन येतो. परवान्याचेच आहे, काळजी नको. चाप जड लागतो, तेवढा हलका करून दे. किंवा, आत काही तरी अडकते आहे, बघ जरा.

हे पुडके उघडण्यात काय धोका आहे याची कल्पना त्या पोराला असते काय? परवाना मालकाचा असतो. तो शस्त्र बाळगण्याचा असतो. शस्त्र बनविणे, त्यात बदल करणे, एवढेच काय ते दुरुस्त करणे, यासाठी शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाखाली स्वतंत्र परवाना लागतो आणि तो कारागिराच्या किंवा दुकानाच्या नावे असावा लागतो. नळी आखूड करणे किंवा खेळण्यातल्या बंदुकीची खरी बंदूक करणे यांवर सहाव्या कलमाचा निर्बंध आहे. शस्त्रावरील क्रमांक किंवा कारखान्याची खूण पुसणे, खरवडणे आठव्या कलमाने निषिद्ध. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने पंचविसाव्या कलमातील विनापरवाना निर्मितीची आणि दुरुस्तीची शिक्षा किमान सात वर्षांवर नेली आणि कमाल जन्मठेपेपर्यंत. दोन-पाचशे रुपयांच्या मजुरीवर ओळखीखातर केलेल्या कामाची ही किंमत होऊ शकते. मालक वकील उभा करील. पोराच्या बापाला कोर्टाची पायरीही ठाऊक नसेल.

मालकाला आपल्या शस्त्रात काय बदलता येते, याचे उत्तर म्हणूनच फार थोडक्यात देता येते. मुठीच्या लाकडी पट्ट्या, कातडी म्यान, तेलपाणी, पुसपास. यापलीकडचे काम परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याचे. या कडकपणामागे कारण आहे. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर आणि क्रमांक लिहिलेला असतो. झाडलेल्या गोळीवर नळीच्या आतल्या आट्यांच्या रेघा उमटतात आणि त्या रेघांवरूनच न्यायवैद्यक प्रयोगशाळा गोळी कोणत्या शस्त्रातून सुटली हे सांगते. नळी बदलली की साक्षीदार बदलला. त्यातून सुरक्षिततेचा प्रश्न वेगळाच. चापाची कमान हाताने कापून हलकी केलेले रिव्हॉल्व्हर कधी काडतुसावर नीट आघातच करीत नाही, तर कधी खाली पडताच सुटते. लेथवर मिलिमीटरच्या शतांशाची चूक झाली तर सुटा भाग भंगारात जातो. येथे ती चूक माणसाच्या तळहातात फुटते.

अर्थात परवानाधारक कारागिराकडे जा, असे सांगणे सोपे आहे. असा कारागीर अंबरनाथ-बदलापूरकराला हाताशी मिळेल अशी व्यवस्था करणे हे काम मात्र सरकारचेच आहे. बंदुकीच्या धंद्यातले दुरुस्तीचे परवाने पिढीजात दुकानांपाशी अडकून राहिलेले; नवा, शिकलेला माणूस त्यात येत नाही. एकीकडे राज्यभर आयटीआयतून हजारो कुशल मुले बाहेर पडतात आणि दुसरीकडे कायदेशीर दुरुस्तीची सोय तोकडी. मग पुडके गाळ्यावर येणारच. ज्या कंपनीकडे आज कानपूरचा कारखाना आहे ती सरकारी मालकीची आहे, नागरिकांना रिव्हॉल्व्हर विकण्यात तिला रस आहे, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिने 'प्रबल' नावाचे लांब पल्ल्याचे नवे रिव्हॉल्व्हर समारंभपूर्वक बाजारात आणलेही. काडतुसांचेही तेच, खडकीच्या १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्याचे शिक्के त्यांवर असतात. विकणारे सरकार, परवाना देणारे सरकार, आणि गोळी सुटल्यावर पंचनामा करणारेही सरकारच. यांपैकी विक्रेत्यावर दुरुस्ती-केंद्रांची जबाबदारी टाकण्यास काय हरकत आहे? साधा दूरचित्रवाणी संच घेतला तरी कंपनी दुरुस्तीचा पत्ता हाती देते.

परवान्यांच्या खिरापतीबाबत तर अलीकडची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली आणि बीड जिल्ह्याकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले गेले, तेव्हा त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे उघड झाले. हत्येनंतर त्यांतील अनेक रद्द झाले. म्हणजे ते आधीच रद्द करता येण्याजोगे होते. फाईल उघडण्यासाठी एक माणूस मरावा लागला. २०२५ साली पुण्यात पोलीस आयुक्तांनी नाकारलेला परवाना अपिलात गृहराज्यमंत्र्यांनी मंजूर केल्यावरून गदारोळ झाला. अपिलाची तरतूद कायद्यात आहे आणि ती असावीही. अधिकाऱ्याचा शब्द अंतिम मानणे लोकशाहीला शोभणारे नाही. परंतु पोलिसांनी लेखी कारणे देऊन नाकारलेला अर्ज मंत्रालयात कोणत्या कारणाने मंजूर होतो, हे जनतेला समजले पाहिजे. पाणीपट्टी थकविणाऱ्यांची नावे नगरपालिका फलकावर लावते. कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत किती परवाने दिले, किती नाकारले, किती अपिलात फिरले, एवढे आकडे वर्षाकाठी प्रसिद्ध करण्यात कोणाच्या सुरक्षिततेला बाध येतो? नावे नकोत, आकडे पुरेत.

निवडणुका आल्या की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेण्याचा प्रघात आहे. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करू नयेत, प्रत्येक परवान्याची छाननी समितीने स्वतंत्रपणे तपासणी करावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात २००९ साली बजावले. निकाल योग्यच होता. पण या छाननीत जो विचार अपेक्षित आहे, म्हणजे या माणसाकडे आज शस्त्र असणे सुरक्षित आहे काय, तो विचार केवळ मतदानापुरताच का व्हावा? जमिनीचा वाद पेटलेला असतो, भागीदारी फुटलेली असते, भावाभावांत वाटणीवरून बोलणे बंद झालेले असते. पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत अदखलपात्र तक्रारी पडत असतात. त्याच ठाण्याच्या दुसऱ्या वहीत त्याच माणसाच्या शस्त्र परवान्याची नोंद असते. या दोन वह्या एकमेकींशी बोलत नाहीत. सतराव्या कलमाने परवाना निलंबित करण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिलेला आहे. त्यासाठी आधी गोळी सुटावी लागत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षांची केली. पहिल्या बदलाने जे साधले ते दुसऱ्याने काही अंशी सोडून दिले, असे म्हणावे लागते. पाच वर्षांत या पट्ट्यात इमारती उभ्या राहतात, पक्ष बदलतात, मित्रांचे वैरी होतात. पाच वर्षांच्या मुदतीचे ते पहिले परवाने २०२४ च्या अखेरीपासून नूतनीकरणासाठी येऊ लागले आहेत. अर्जाबरोबर छायाचित्र, फीची पावती आणि वैद्यकीय दाखला जोडला जातो. पाच वर्षांपूर्वी ज्या धोक्याचे कारण दाखवून शस्त्र घेतले तो धोका आज कोणापासून आणि किती उरला आहे, याचे लेखी उत्तर अर्जदाराकडून आणि त्याच्या हद्दीतील ठाण्याच्या अधिकाऱ्याकडून, दोघांकडूनही, याच वेळी मागून घेता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.